माऊस सारखा अडकतो? तो सुटतो कशाने, ते आधी बघा

माऊस अडकला की बहुतेक जण तो टेबलावर आपटतात, वायर हलवतात, प्लग काढून घालतात आणि चालू झाला की पुन्हा कामाला लागतात. तिथेच निदानाचा अर्धा भाग हातातून निसटतो. माऊस का अडकला हे दिसत नाही, पण कशाने सुटला हे समोर घडलेलं असतं. वायर हलवल्यावर सुटला तर दोष वायरमध्ये. काहीच न करता मिनिटभराने आपोआप सुटला तर कॉम्प्युटरच दुसऱ्या कशात तरी गुंतला होता. प्लग काढून घातल्यावर सुटला तर पोर्टची वीज किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर). बिनवायरचा माऊस डोंगलजवळ, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायच्या त्याच्या छोट्या तुकड्याजवळ, नेल्यावर सुटला तर रेडिओ लहरींची गर्दी. आणि खरोखरच आपटल्यावर सुटला तर सेलची स्प्रिंग सैल आहे.

म्हणून पुढच्या तीन वेळा अडकेल तेव्हा लगेच आपटाआपटी नको. कागदावर टिपून ठेवा: किती वेळ वापरल्यावर अडकला, त्या वेळी काय चालू होतं (कॉपी, प्रिंट, फोनचा हॉटस्पॉट, चार्जर), आणि कशाने सुटला. नवा माऊस आणूनही त्रास तसाच राहतो अशी उदाहरणं भरपूर आहेत. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची नसेल तर हा कागद हवाच.

अडकलंय कोण, माऊस की कॉम्प्युटर?

बाण थांबला त्याच क्षणी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का बघा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर कॉम्प्युटर जिवंत आहे आणि शोध माऊसच्या बाजूला घ्यायचा.

कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, चालू गाणं एकाच सुरावर घर्रर्र करतंय, घड्याळ थांबलंय, तर अख्खं मशीन गोठलं आहे. रॅम, डिस्क, उष्णता किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर यांपैकी काहीतरी आहे. माऊस बदलून फरक पडणार नाही. एक प्रयोग करून बघा: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, बहुधा एक बीपही वाजतो. त्यानंतर बाण हलू लागला तर ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने बसवा.

बाण मजेत फिरतोय पण क्लिक कुठेच लागत नाही, ही तक्रारही ‘माऊस हँग झाला’ म्हणूनच येते. विंडोजमध्ये बाण चित्रित करण्याचं काम सहसा ग्राफिक्स कार्ड वेगळ्या थरावर करतं, त्यामुळे एखादा प्रोग्रॅम पूर्ण गारठला तरी बाण त्याच्यावरून फिरत राहतो. इथे दोष त्या प्रोग्रॅमचा. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की बाण स्वतःच थांबला असेल तर गोष्ट एखाद्या एक्सेल फाइलपुरती नसते.

बाण गचके खात चालत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा. 4 जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर अँटीव्हायरसचं स्कॅन किंवा विंडोज अपडेट सुरू झालं की डिस्क 100 टक्क्यांवर जाते आणि बाण दोन-दोन सेकंद थांबतो. पण 100 टक्के दिसत असताना वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला एखाद-दुसराच एमबी असेल, आणि हे रोजचंच असेल, तर डिस्कवर खराब सेक्टर पडत असल्याची शंका घ्या. मग माऊस राहू द्या बाजूला, आधी बॅकअप घ्या.

अदलाबदल

काही उघडण्याआधी दोन चाचण्या. हाच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरवर अर्धा तास वापरा. आणि दुसरा, चांगला असल्याची खात्री असलेला माऊस याच कॉम्प्युटरच्या याच पोर्टमध्ये लावा. माऊस दोन्हीकडे अडकला तर तो माऊसच. दोन्ही माऊस याच पोर्टवर अडकले तर पोर्ट किंवा कॉम्प्युटर. एका वेळी एकच गोष्ट बदला. पोर्टही बदलला, माऊसही बदलला आणि त्रास गेला, तर कशामुळे गेला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

डेस्कटॉपवर चाचणी कॅबिनेटच्या मागच्या पोर्टवर करा. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढचे पोर्ट आतल्या एका वायरने आणि पिनांच्या जोडणीने बोर्डाला लावलेले असतात. ती जोडणी कधीकधी सैल असते, आणि पुढचा पोर्ट पेन ड्राइव्ह घालून-काढून बऱ्याचदा ढिला झालेला असतो. प्लग घातल्यावर तो वर-खाली डोलत असेल तर त्या पोर्टला माऊससाठी निवृत्त करा. यूएसबी हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर, माऊस, कीबोर्ड, हार्ड डिस्क आणि फोनचं चार्जिंग एकत्र असेल तर माऊस हबवरून काढून थेट लावा. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो आणि वेगळा ॲडॉप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. हार्ड डिस्कने ओढ घेतली की माऊस उपाशी.

वायरचा माऊस: मान मोडलेली असते

वायर तुटते ती मधे कुठे नाही, तर माऊसमधून जिथे बाहेर पडते त्या पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये. तिथे ती रोज शेकडो वेळा वाकते. वरचं रबर अखंड दिसतं, आत केसासारख्या तारांचा जुडगा एकेक करून तुटत जातो. शेवटची तार टेकते-सुटते अशी झाली की माऊस ‘कधीकधी’ अडकू लागतो. दुसरी कमजोर जागा यूएसबी प्लगच्या मुळाशी.

तपासणी अशी करा. माऊस उलटा करून टेबलावर ठेवा, म्हणजे खालचा दिवा दिसेल. एका हाताने वायरची मान धरून हळूहळू चारही दिशांना वाकवा, दुसऱ्या हाताने वायर किंचित आत ढकला. दिवा लुकलुकला किंवा विंडोजचा उपकरण सुटल्याचा ‘टुंग-टुंग’ आवाज आला तर निदान संपलं. मग तसंच प्लगच्या टोकाला करा. दिवा इन्फ्रारेड असेल तर डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी आवाजावर भरवसा ठेवा.

आत चार तारा असतात. रूढीप्रमाणे लाल म्हणजे 5 व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, पांढरी आणि हिरवी या डेटाच्या. स्वस्त माऊसमध्ये रंग मनाला येतील तसे वापरलेले सापडतात, म्हणून रंगावर विसंबू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लगच्या चार पट्ट्यांपासून आतल्या पांढऱ्या कनेक्टरपर्यंत प्रत्येक तार तपासा, आणि तपासताना मान वाकवत राहा. दुरुस्ती म्हणजे मोडलेल्या भागापलीकडे पाच-सहा सेंटिमीटर वायर कापून टाकायची आणि चारही तारा आतल्या कनेक्टरच्या उरलेल्या तुकड्यांना डाग देऊन जोडायच्या, प्रत्येक जोडावर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी). जोडायच्या आधी कोणती तार कुठे होती त्याचा फोटो काढा. 5 व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागले तर माऊस जातो. दोन-तीनशेच्या माऊससाठी हा खटाटोप परवडत नाही. महागड्या माऊससाठी अर्ध्या तासाचं काम आहे.

नवी वायर लवकर मरू नये म्हणून तिला मानेपाशी थोडी सैल ठेवा. माऊसला वायर गुंडाळून बॅगेत कोंबणं हा तिला मारण्याचा सगळ्यात जलद मार्ग.

चहा पिऊन आलात आणि माऊस मेलेला

काम करताना सुरळीत, पण पाच-दहा मिनिटं हात न लावता परत आलं की बाण हलत नाही; प्लग काढून घातला की ठीक. हे चित्र असेल तर दोष बहुतेक वीज वाचवण्याच्या सोयीत आहे. कॉम्प्युटर निवांत बसलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवतो. माऊस हलला की त्याने ‘जागा हो’ असा इशारा पाठवायचा आणि पोर्टने जागं व्हायचं, असा करार आहे. काही हब, काही डोंगल आणि मदरबोर्डवरचे काही चिपसेट हा करार नीट पाळत नाहीत. इशारा जातो, दार उघडत नाही.

बिनवायरचा माऊस स्वतःही झोपतो, पण तो हलवल्यावर किंवा एक क्लिक केल्यावर अर्ध्या सेकंदात उठतो. तो दोष नव्हे, सेल वाचवण्यासाठी केलेली रचना आहे.

आता गंमत अशी, की माऊस बंद असताना माऊसच्या सेटिंग बदलायच्या आहेत. सगळं कीबोर्डवरून होतं:

1. विंडोजचं बटण धरून एक्स दाबा, सोडा, मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजर उघडेल.
2. टॅब दाबून यादीत शिरा. खालच्या बाणाने ‘युनिव्हर्सल सीरिअल बस कंट्रोलर्स’वर या आणि उजवा बाण दाबून ती फांदी उघडा.
3. ‘यूएसबी रूट हब’वर थांबून ऑल्ट आणि एंटर दाबा. गुणधर्मांची खिडकी येईल.
4. कंट्रोल धरून टॅब दाबत ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर या.
5. टॅबने ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ या ओळीवर जा, स्पेसबारने खूण काढा, एंटर.

यादीत जितके रूट हब असतील तितक्यांदा हेच. एकच करून सोडलं तर माऊस नेमका दुसऱ्यावर असतो. ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खालच्या ‘यूएसबी इनपुट डिव्हाइस’लाही हे पान दिसलं तर तिथलीही खूण काढा.

मग स्टार्टमध्ये ‘एडिट पॉवर प्लॅन’ असं इंग्रजीत टाइप करून उघडा, ‘चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’मध्ये जा, ‘यूएसबी सेटिंग्ज’ उघडा आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सेटिंग’ला ‘डिसेबल्ड’ करा. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर अशा दोन ओळी असतात, दोन्ही बदला. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ मुळातच दिसत नाही; तिथे रूट हबचीच खूण कामाला येते. बॅटरीवर याचा भार किरकोळ आहे. ड्रायव्हर नव्याने बसला की खूण परत येऊ शकते, तेव्हा अपडेटनंतर त्रास परतला तर पहिल्यांदा इथेच बघा.

लिनक्सवाल्यांनी पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं ‘ऑटो ट्यून’ चालवलं असेल तर माऊस दोन सेकंद न हलवला की झोपतो आणि क्लिक केल्यावरच उठतो. पॉवरटॉपच्या ‘ट्यूनेबल्स’ पानावर माऊसची ओळ ‘गुड’वरून ‘बॅड’वर न्या. नाव वाईट आहे, परिणाम चांगला. रीबूटनंतर ऑटो ट्यून पुन्हा चालत असेल तर ते आपोआप सुरू होणंही बंद करा.

याच घरातला आणखी एक प्रकार: कॉम्प्युटर रोज शटडाऊन करूनही माऊस सकाळी अडकतो, पण रीस्टार्ट केलं की दिवसभर चालतो. उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आला. तो चालू असेल तर शटडाऊनच्या वेळी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्ट मात्र सगळं पहिल्यापासून करतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा, आधी बंद असलेल्या सेटिंग खुल्या करणारी ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणारा जादा वेळ जाणवणारही नाही.

डोंगलचा माऊस आणि निळा पोर्ट

बिनवायरच्या माऊसच्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार हा. माऊस नवा, सेल नवा, तरी बाण तुटक चालतो. आणि नीट पाहिलं तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काही कॉपी होत असतानाच. कॉपी संपली की माऊस सुतासारखा सरळ.

डोंगलवाले बहुतेक माऊस 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, म्हणजे साधारण 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ. यूएसबी 3.0 सेकंदाला 5 गिगाबिट या वेगाने डेटा पाठवतो, आणि त्या वेगाच्या संकेतातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरलेला असतो. इंटेलने 2012 मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. त्यांच्या मोजमापात त्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे 20 डेसिबलने वाढलेला दिसला. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट. माऊसचा क्षीण आवाज त्यात बुडतो. गोंगाट पोर्टमधून येतो, हार्ड डिस्कच्या डबीतून येतो आणि वायर नीट झाकलेली नसेल तर वायरमधूनही येतो.

त्यामुळे निळ्या, म्हणजे यूएसबी 3.0 च्या पोर्टमध्ये डोंगल आणि शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क ही जोडी फोडा. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी 2.0 च्या पोर्टमध्ये हलवा. रंगाचा नियम सगळे उत्पादक पाळत नाहीत. पोर्टशेजारी ‘एसएस’ अशी खूण असेल तर तो 3.0 समजा. लॅपटॉपवर डोंगल एका बाजूला आणि हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूला लावा. तेवढ्याने भागलं नाही तर यूएसबी 2.0 ची एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल माऊसपासून वीस-तीस सेंटिमीटरवर, टेबलाच्या वर आणून ठेवा. वायर 2.0 चीच घ्या. 3.0 ची घेतलीत तर गोंगाट पसरवणारं आणखी एक साधन पैसे देऊन आणलंत.

डेस्कटॉपवर डोंगल कॅबिनेटच्या मागे आणि कॅबिनेट टेबलाखाली, ही मांडणी तर हार्ड डिस्क नसतानाही त्रास देते. मधे पत्र्याचा डबा आणि बऱ्याचदा लोखंडी टेबल असतं. माऊसच्या खोक्यावर ‘10 मीटर’ लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेतलं. इथेही एक्स्टेन्शन वायरच औषध.

वायफायचा राऊटर माऊसशेजारी असेल किंवा फोनचा हॉटस्पॉट माऊसलगतच चालू असेल, तर तोही याच पट्ट्यात ओरडतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 5 गिगाहर्ट्झ निवडता येत असेल तर निवडा, राऊटरवरही कॉम्प्युटर 5 गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. ब्लूटूथ माऊसला हा उपाय सगळ्यात आधी करा, कारण लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर बसलेले असतात. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या ॲडॉप्टरची वीज वाचवण्याची खूण काढा, आणि तरीही अडकला तर माऊस यादीतून पूर्ण काढून नव्याने जोडा.

डोंगल हरवला म्हणून दुसऱ्या माऊसचा तसाच दिसणारा डोंगल लावून बघणारे असतात. स्वस्त माऊसची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, दुसरा डोंगल चालत नाही. काही कंपन्यांचे डोंगल नव्या माऊसला जोडता येतात, पण ते त्याच कंपनीचे आणि त्याच जातीचे हवेत.

पेन्सिल सेल

‘कालच सेल बदलला’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी सेल मोजा. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर असतो. 1.2 च्या खाली आला की माऊस कुरकुर करू लागतो. ओळखायची खूण: जोरात हलवल्यावर अडकतो, दोन मिनिटं सोडला की पुन्हा थोडा वेळ चालतो. थकलेला सेल विश्रांतीने जरा सावरतो, ओढ पडली की पुन्हा बसतो. घड्याळासाठी मिळणारा स्वस्त झिंक-कार्बन सेल घड्याळात वर्षभर टिकतो, कारण घड्याळ अगदी थोडा करंट घेतं. माऊसमध्ये तो लवकर गळपटतो. चार्ज होणारा सेल वापरात बहुतेक वेळ 1.2 व्होल्टच्या आसपासच असतो, त्यामुळे काही माऊस तो घातल्या-घातल्याच ‘बॅटरी कमी’ दाखवतात. दाखवू द्या, चालतो तोवर चालवा.

आपटल्यावर सुटणाऱ्या माऊसची स्प्रिंग बघा. बोटाने हलकेच बाहेर ओढली की पकड येते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर स्प्रिंगवर हिरवट किंवा तांबूस थर चढलेला असतो. शाळकरी खोडरबराने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासा. पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे सेल गळला आहे. अल्कलाइन सेलचं ते द्रव्य क्षारधर्मी असतं, म्हणून कापूस लावलेल्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा. बोटाला लागू देऊ नका. नव्या सेलसोबत जुना सेल घालू नका. जुना आधी संपतो, आणि गळतोही तोच.

टेबल आणि भिंग

ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि दोन फोटोंमधला फरक मोजून बाण हलवतो. काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत सनमायकावर फोटो सगळे सारखेच येतात, म्हणून तो थांबतो. खाली वर्तमानपत्र ठेवून बघा. लगेच सुरळीत चालला तर पॅड घ्या, विषय संपला. जुन्या कॅलेंडरची मागची बाजूही चालते, फक्त ती गुळगुळीत आर्ट पेपरची नको.

खालच्या छिद्रात एखादा केस अडकला की बाण एका जागी थरथरतो किंवा एका ठरावीक दिशेला जातच नाही. फुंकर मारा, मग कोरड्या कापसाच्या काडीने, गरज पडली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिंग पुसा. अत्तर, डिओ, थिनर यातलं काही नको. प्लास्टिकचं भिंग धुरकट होतं. पायांना चिकटलेला काळा मळही खरवडून काढा. भिंगापासून टेबलाचं अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असावं अशी रचना असते, आणि मळाच्या थराने माऊस वर उचलला गेला की फोटो अंधुक येतात.

लॅपटॉपचा टचपॅड: चार्जर लावला की वेडा होतो

बॅटरीवर ठीक, चार्जर लावला की बाण अडकतो, उड्या मारतो, आपोआप क्लिक करतो. हा बिघाड लॅपटॉपचा कमी आणि भिंतीचा जास्त. हात लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हलकेच फिरवल्यावर झिणझिण्या किंवा खरखरीत कंप जाणवत असेल तर शंका घ्यायला जागाच नाही.

चार्जरच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी सूक्ष्म करंट लॅपटॉपच्या अंगावर येतो आणि आर्थिंगमधून निघून जावा अशी योजना असते. आर्थिंग नसेल तर लॅपटॉपचं अंग काही दशक व्होल्टांवर, कधी मेन्सच्या जवळजवळ निम्म्यावर तरंगत राहतं. करंट नगण्य असल्याने धक्का बसत नाही, पण टेस्टर लावला तर मिणमिणता पेटतो. टचपॅड तुमच्या बोटाची विद्युत धारिता मोजून काम करतो. अंगावर असा गोंगाट असताना त्याला बोट कुठे आहे तेच उमगत नाही.

तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावला असेल तर कन्व्हर्टर फेकून द्या, आर्थिंग तिथेच तुटलं. एक्स्टेन्शन बोर्ड बदलून बघा. स्वस्त बोर्डात तिसरं भोक असतं, त्यामागे तार नसते. दुसऱ्या खोलीतल्या, शक्यतो गीझरच्या किंवा फ्रिजच्या पॉइंटवर लावून बघा. तिथे टचपॅड शहाण्यासारखा वागला तर इलेक्ट्रिशियनला बोलावून मोजायला सांगा: फेज आणि आर्थिंग यांच्यात फेज-न्यूट्रलइतकेच, म्हणजे साधारण 230 व्होल्ट यायला हवेत, आणि न्यूट्रल-आर्थिंगमध्ये दोन-तीन. फेज-आर्थिंगमध्ये शंभरच्या आसपास डळमळता आकडा दिसला तर तार कुठेच पोचलेली नाही. हे मोजमाप स्वतः करायचं नाही. चार्जरच दोन पिनांचा असेल तर आर्थिंगचा प्रश्न येत नाही. तिथे मूळ कंपनीचा चार्जर मिळवून बघा, नकली चार्जरचा गोंगाट जास्त असतो.

टचपॅड अजिबातच हलत नसेल तर एफएनसोबतच्या वरच्या ओळीतल्या बटणाने तो चुकून बंद झालेला नाही ना, हे पाहून घ्या. टाइप करताना क्षणभर थांबत असेल तर ती तळहाताचा चुकीचा स्पर्श टाळण्यासाठीची सोय आहे. विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये संवेदनशीलता वाढवली की हे थांबणं कमी होतं.

टचपॅडचा क्लिक घट्ट झाला असेल, त्याची एक कड वर आली असेल किंवा झाकण पूर्वीसारखं बसत नसेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा आणि चार्जर काढा. खालची बॅटरी फुगून टचपॅडला आतून ढकलते आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, ‘अजून चालतोय ना’ म्हणून चार्ज करू नका. बॅटरी बदलली की टचपॅड बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतो.

उरलेलं

जुन्या कार्यालयांमध्ये हिरव्या गोल पिनचा पीएस-टू माऊस अजून सापडतो. तो चालू मशीनवर काढून घालू नका. पुन्हा ओळखला जाण्यासाठी रीस्टार्ट लागतो, आणि कधीकधी बोर्डावरचा कंट्रोलरही जातो.

गेमिंगचा माऊस जुन्या मशीनवर फक्त गेममध्येच गचके खात असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट 1000 वरून 500 किंवा 125 वर आणा. 1000 म्हणजे माऊस सेकंदाला हजार वेळा प्रोसेसरचं दार ठोठावतो. साधा माऊस 125 वेळा, दर 8 मिलिसेकंदांनी एकदा. गेममध्ये आधीच घामाघूम झालेल्या जुन्या प्रोसेसरला तेवढं पुरतं.

आणि हे सगळं करूनही मागच्या-पुढच्या सर्व पोर्टवर, कोणताही माऊस, दिवसातून दोन-चारदा अडकत असेल, कीबोर्डही त्याच क्षणी मरत असेल, तर मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा ड्रायव्हर आणि बायोस (बोर्डातच बसवलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) यांची नवी आवृत्ती आली आहे का ते तपासा. त्यानेही गेलं नाही तर डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत वेगळं यूएसबी कार्ड बसवा आणि माऊस-कीबोर्ड त्यावर न्या. बोर्ड बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.